रिकाम्या खोलीतला पंखा

मी टेबलफॅन बोलतोय. आवाजात घरघर आहे, तेवढी चालवून घ्या. वय झालं की घरघर कुणालाच चुकत नाही. माझ्या मालकांनाही ती लागली होती, आणि मला सांगायचंय ते त्या घरघरीबद्दलच.

मी अमक्या कंपनीचा, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. माझी पाती एका भंगारातल्या पंख्याची, जाळी दुसऱ्याची, बैठक तिसऱ्याची. तिघे मेले तेव्हा कुठे माझा जन्म झाला. पण माझी मोटर, म्हणजे माझं काळीज म्हणा, ती मात्र एकाच माणसाच्या हातची आहे. तो माणूस मोटरींचं वाइंडिंग करायचा. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो.

जळलेल्या मोटरीतली काळी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायची, वरून व्हार्निश द्यायचं आणि तापवून वाळवायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. दुकान एवढंसं, खिडकी नावाला. व्हार्निशचा धूर आत कोंडायचा आणि त्या धुरात मिस्त्री वर विडी ओढायचे. मी फळीवरून बघत होतो. सांगणार कुणाला?

त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. गिऱ्हाइकानं मोटर आणली की ते ती नाकाशी धरायचे, हातानं आस फिरवून बघायचे आणि तोंडावर सांगायचे. दुरुस्त होणारी असली तर, "ठेवून जा." होणारी नसली तर, "हिच्यात जीव नाही. घरी न्या." लोक गयावया करायचे, "मिस्त्री, काहीतरी करा ना!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "करायला मी काहीही करीन हो. पण तुम्हाला खोटं सांगून मला झोप लागायची नाही." काही गिऱ्हाइकं रागवायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायची.

मला मात्र त्यांनी विकलं नाही. घरी आणलं. घरात माणसं तीनच : मिस्त्री, त्यांची बायको आणि मुलगा. बायकोला गल्ली काकू म्हणायची. मुलगा तेव्हा लहान होता. माझी मान दोन्ही बाजूंना फिरायला लागली की तो टाळ्या पिटायचा. "बाबा, हा बघा, सारखा नाही-नाही म्हणतोय!" मग मिस्त्री माझ्या मानेमागची कळ वर ओढायचे आणि मी एकाच जागी बघत उभा राहायचो. "आता बघ, ऐकायला लागला," म्हणायचे.

घरात त्यांचा नियम एकच होता. रिकाम्या खोलीत पंखा चालता कामा नये. मुलगा मला तसाच सोडून खेळायला पळाला की मिस्त्री बाहेरूनच ओरडायचे, "भिंतींना वारा घालतोस का रे?"

दिवस गेले, मुलगा मोठा झाला, एका गोदामात कामाला लागला. दुकान बंद झालं, कारण मिस्त्रींना चार पायऱ्या चढवेनात. आधी खोकला, मग धाप, मग बसल्या जागी धाप. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मुलाला बाहेर बोलावलं. मिस्त्री आत बाकावर बसून राहिले. ज्या माणसानं जन्मभर कुणाला अंधारात ठेवलं नाही, त्याला त्या दिवसापासून सगळ्यांनी मिळून अंधारात ठेवायला सुरुवात केली. "थोडी सूज आहे, बाबा. उतरेल."

प्रेमाच्या माणसांनी केलेल्या चुका निस्तरणं फार कठीण असतं. काकूंनी खिडकी घट्ट लावून घेतली, कारण छातीला वारं लागायला नको. मला त्याच कारणानं माळ्यावर टाकलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तशातली गत. हवेसाठी तडफडणाऱ्या माणसाला कोंडून घातलं, आणि वर तिघं एकमेकांसमोर हसत होती. मी माळ्यावरून त्यांची धाप ऐकायचो. मला ते सहन व्हायचं नाही, हे सरळच सांगतो.

त्यातच एकदा त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. परत आले ते अर्धे होऊन. घशात नळी घातली होती, ती उपसू नये म्हणून हात खाटेला बांधले होते, असं त्यांनी काकूंना सांगितलं. आवाज पार बसला होता. "पुन्हा तिथं नको हं," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "अहो, शुभ बोला." आमच्या घरात या दोन शब्दांनी जितकी तोंडं बंद केली तितकी कुलपांनी दारं केली नसतील.

मग सिस्टर यायला लागली. जे आजार बरे होत नाहीत, त्यांच्या रोग्यांना घरी जाऊन बघणारी. बांध्यानं ठेंगणी, आवाजानं खणखणीत. आल्या आल्या तिनं खिडकी उघडली. काकू "अहो, वारं" म्हणेपर्यंत ती म्हणाली, "आजी, त्यांना वारंच हवंय. पंखा नाही का घरात?"

मुलानं मला माळ्यावरून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं. सिस्टरनं मला स्टुलावर ठेवून माझं तोंड मिस्त्रींच्या गालाकडे वळवलं. मी फिरायला लागलो. त्यांचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हा मी भरलेला आहे." एवढ्या वर्षांत माझं कौतुक त्यांनी तेवढं एकदाच केलं.

सिस्टरनं मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. "हा आजार जाणार नाही, पण धाप निमूट सोसलीच पाहिजे असं थोडंच आहे? धाप वाढली की उठतं बसवा, पंखा लावा, अर्धी गोळी द्या आणि मला फोन करा." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काकू लगबगीनं म्हणाल्या, "त्यांना कशाला असलं विचारता?"

"आजी, बोलू द्या त्यांना."

"त्या नळीची," मिस्त्री म्हणाले. "आणि हात बांधतात, त्याची. मरायची नाही."

सिस्टर गेल्यावर त्यांनी मुलाला जवळ बसवलं. एकेका वाक्याला दम घेत होते.

"होणारी आहे का रे?"

मुलगा कळूनही न कळल्यासारखं करत होता. "बाबा, तुम्ही बरे होणार आहात."

"गिऱ्हाइकाला मी असं कधी सांगितलं होतं का?"

मुलगा त्यांची उशी सारखी करायला लागला. मिस्त्री थांबून म्हणाले, "जळलेल्या मोटरीला करंट देत राहिलं, तर काय होतं?"

"घर जळतं," मुलगा म्हणाला. लहानपणी दुकानात बसून तो हे शिकला होता. "पण तुम्ही मोटर नाही, बाबा."

"म्हणून तर सांगतोय. मोटरीला दुखत नाही." त्यांनी मुलाचं मनगट धरलं. "मला इथंच ठेव. या पंख्यासमोर. पुन्हा नेऊ नकोस."

"बरं," मुलगा म्हणाला. आणि त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, याला मी साक्षी आहे.

पुढचे काही दिवस बरे गेले. मिस्त्री स्वतःच्या हातानं दाढी करायला लागले. काकूंच्या चहाला नावं ठेवायला लागले, त्यावर काकूंनाही बरं वाटलं. माझ्या आवाजावरून म्हणाले, "याचं बुश गेलंय, आस घासतेय. तेल द्या रे." स्वतःला खाटेवरून उठता येत नव्हतं, पण माझी तब्येत बघत होते.

पण गोदामात कुणीतरी मुलाच्या कानात भरलं, "मॉर्फिन? अरे, ती अफूच की! बापाला म्हातारपणी व्यसन लावतोस?" उचलली जीभ लावली टाळ्याला. जीवच काठावर आलेल्या माणसाला व्यसन कसलं लागणार? पण मुलगा घाबरला. सिस्टरला विचारायची त्याला लाज वाटली. त्यानं गोळ्या लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या गाडीच्या किल्लीला अडकवली. मीच देत जाईन म्हणजे जास्त जाणार नाहीत, असं आईला सांगितलं.

आणि मग ती दुपार आली. जेवण झालं होतं, काकू ताटं उचलत होत्या. मिस्त्रींचा श्वास अचानक अडकला. ओठ निळे पडायला लागले. काकूंनी सिस्टरनं शिकवलं होतं तसं सगळं केलं. उठतं बसवलं, उशा लावल्या, माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी जीव तोडून फिरत होतो. पण त्या दिवशी माझं वारं पुरणारं नव्हतं, त्याच्या जोडीला गोळी हवी होती. काकू कपाटाशी गेल्या आणि कुलूप हातात धरून उभ्या राहिल्या.

त्यांनी मुलाला फोन लावला. मुलानं सिस्टरला फोन करायला हवा होता. त्यानं ॲम्ब्युलन्सला केला. नंतर तो म्हणाला, "बोटांनीच तो नंबर लावला, मी नाही."

तो धावत घरात आला तेव्हा ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर उघडत होती. किल्ली त्याच्या मुठीत होती. कपाट हाताच्या अंतरावर होतं. तो एकदा कपाटाकडे बघायचा, एकदा बापाकडे. दारात जमलेल्यांपैकी शेजारचे काका ओरडले, "अरे, बघत काय उभा राहिलास? बाप आहे तुझा! लोक काय म्हणतील?"

मिस्त्रींच्या तोंडावर मास्क होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी उजवा हात उचलला आणि हवेत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवला. पुन्हा हलवला.

"बघा, टाटा करतायत," शेजारचे काका गहिवरून म्हणाले.

मुलानं तो हात पाहिला. लहानपणी टाळ्या पिटत ज्यानं माझ्या मानेचा अर्थ लावला होता, त्याला तो हात कळला नाही असं मी कसं म्हणू? त्यानं मान वळवली आणि स्ट्रेचरची पायाकडची बाजू उचलली.

सगळे गेले. मी चालूच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच रात्रभर रिकाम्या खोलीत, रिकाम्या खाटेला वारा घालत. बाहेरून कुणी ओरडलं नाही. काकू दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला आल्या तोवर माझं बुश कडकडीत तापलं होतं आणि मोटरीतून व्हार्निशचा वास सुटला होता. त्या दारातच थबकल्या. तो वास मिस्त्रींच्या सदऱ्यांना यायचा. त्यांनी मला बंद केलं आणि खाटेच्या कडेला बसून रडल्या.

मिस्त्री काही दिवस काचेपलीकडच्या खोलीत होते. नळी होतीच. काकूंना भेटीच्या वेळेपुरतं आत सोडत, तेव्हा ते जागे नसत. तिथंच ते गेले. मग त्यांना घरी आणलं, त्याच खाटेवर ठेवलं. काकूंनी त्यांच्या सदऱ्याची बाही नीट करायला म्हणून वर केली आणि तिथंच थांबल्या. मनगटांवर बांधल्याचे वळ होते. त्या वळांवरून त्या कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिल्या, जसं काही चोळून जातील.

मुलगा कोपऱ्यात उभा होता. काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू 'बरं' म्हणाला होतास."

त्यापलीकडे त्या त्याला कधी काही बोलल्या नाहीत. पण तेवढ्या शब्दांनी तो मुलगा वाळला. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. त्यानं बापावर कमी प्रेम केलं म्हणून हे झालं नाही. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटेल तेव्हा काय करायचं हे घरात कुणी मोठ्यानं बोलूच दिलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी असं धापत पडलेलं असेल, तर माझं एवढं ऐका. औषधाची चौकशी करता तशी त्या माणसाचीही करा. काय हवंय, काय नको, ते त्याच्याच तोंडून ऐका. आणि ऐकलं, तर पाळा.

आता काकूंचं हृदय थकलंय. पाय सुजतात, आडवं झालं की जीव गुदमरतो, म्हणून त्या उशांना टेकून बसूनच झोपतात. स्टुलावर मी आहे, माझ्या पायाशी गोळ्यांची पट्टी आहे. लोखंडी कपाटाचं कुलूप मुलानं काढून टाकलंय.

काल संध्याकाळी तो मला तेल देत होता. काकू म्हणाल्या, "ऐक रे. माझी वेळ येईल तेव्हा..."

"आई, शुभ..." तो सवयीनं म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. तेलाची बाटली खाली ठेवून तो आईसमोर बसला. "बोल."

काकू बोलल्या. दम घेत, थांबत, सगळं बोलल्या. दवाखाना नको, नळी नको, सिस्टरला बोलावायचं, खिडकी उघडी ठेवायची. तो ऐकत राहिला. नुसतं डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही त्यानं हात उचलला नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि मी गेले की आधी हा पंखा बंद कर. रिकाम्या खोलीत चालवायचा नाही."

"हो, आई," तो म्हणाला.

तो शब्द पाळेल की नाही, मला ठाऊक नाही. बापाच्या वेळीही मी असाच ऐकत होतो. त्यानं उठून माझ्या मानेमागची कळ वर ओढली आणि माझं तोंड आईच्या गालाकडे वळवून ठेवलं. मी तिकडेच बघत फिरतोय.