चक्कीला लावलेलं गंध

मित्रांनो, म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात, एका बंद कारखान्यात मी उभी आहे. मी एक जुनी चक्की आहे. धान्य दळणारी नव्हे, उदबत्तीचा मसाला दळणारी.

गुंडेरावांनी मला इथे आणलं तेव्हा ते तरुण होते. वाळा, देवदार, कचोरा असं काय काय मी दिवसभर दळायचे. पूर्वी चंदनही दळलं. पुढे ते परवडेना, म्हणून गुंडेरावांनी बंद केलं. त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मी दर आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मला आतूनबाहेरून पुसत, गंध लावत, झेंडूची माळ घालत आणि दारात कोहळा फोडत. त्या दिवशी मला सुट्टी असे.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तक्रार केली, इथे चोरीचं चंदन दळतात. पोलिसांनी गुंडेरावांना नेलं आणि माझ्या तोंडाला कापड बांधून त्यावर लाखेचं सील केलं. माझ्या पोटात तेव्हा मूठभर देवदार आणि वाळा होता. चंदनाचा कणही नव्हता. तज्ज्ञांनी माझ्या पोटातली भुकटी तपासली की सुटका होईल, असं वकील म्हणाले. पण तज्ज्ञ आले नाहीत आणि जामीनही मिळाला नाही.

यंदा मृण्मयी आली. ती अर्थशास्त्राची संशोधक. खटला लांबला की सरकारचा किती खर्च होतो आणि बंद कंपनीची किंमत किती घसरते, याचा ती अभ्यास करत होती.

"हिची काय किंमत येईल गं? भंगाराची?" सीतालक्ष्मींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"काकू, कंपनीची किंमत लोखंडावरून ठरत नाही. ती पुढे किती कमावेल, यावरून ठरते."

"हौदा? असं होय? मग आम्ही शून्यच की!" त्या हसल्या. "आणि यांचे आत गेलेले दिवस कुठल्या रकान्यात घालतेस?"

"तुरुंगाचा, कोर्टाचा खर्च मांडता येतो, काकू. त्या दिवसांचा रकाना मला अजून सापडला नाही."

मग निरोप आला, दसरा झाला की तज्ज्ञ येणार. सीतालक्ष्मींना केवढा आनंद! "एवढी मोठी माणसं येणार, मत्ते, मग हिला अशीच सुम्मे, उगाच धुळीत ठेवू?" आयुधपूजेला त्यांनी माझ्या तोंडाचं कापड सोडलं. सगळी भुकटी झाडून काढली, ओल्या फडक्याने मला आतून पुसलं आणि सहाणेवर उगाळलेलं चंदन तोंडाला जाड लावलं.

मला ओरडायचं होतं. पण विजेशिवाय मला आवाज नाही.

तज्ज्ञांनी फुटलेलं सील पाहिलं, नमुना घेतला. अहवालात लिहिलं होतं : चंदन आढळले.

"अय्यो, ते माझ्या सहाणेवरचं! दर वर्षी लावते मी!"

अहवाल घेऊन आलेल्या हवालदाराने मान खाली घातली. "अम्मा, मला ठाऊक आहे. आमच्या जीपलाही लावलं होतं. पण मी सांगून काय होणार?"

मृण्मयीने लॅपटॉप उघडून एक नवा रकाना आखला आणि तो रिकामाच ठेवला. कापड आणि सील पुन्हा माझ्या तोंडावर आलं आहे.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही तज्ज्ञ व्हा, न्यायाधीश व्हा. पण कुठे सील लावलंत, तर लवकर परत या. मागे राहिलेली माणसं तुमची वाट पाहत असतात. आणि वाट पाहता पाहता ती घर स्वच्छ करत बसतात.