जपानातल्या तारखेचे गाऱ्हाणे

“थांब जरा, हरिश्चंद्रा. त्या वस्तूचा नाव काय म्हणालंस?”

गाऱ्हाणे अर्ध्यावर सोडून गणपत गावकराने मान वळवली. रवळनाथासमोर उचललेला नारळ तसाच त्याच्या हातात राहिला. मागे उभ्या असलेल्या मानकऱ्यांनी ‘व्हय म्हाराजा’साठी उघडलेली तोंडे मिटली आणि हरिश्चंद्राकडे पाहिले.

“शिओमाची दोन,” हरिश्चंद्र म्हणाला.

“ता काय आसा?”

“गेम. टीव्हीर खेळतत तो. जपानात तयार होता.”

“म्हणजे करणी, जमिनीचो वाद, असला काय नाय?”

“नाय.”

गणपतने नारळ खाली घेतला. “माका चलता रे. पण देवाक मोगम सांगान भागणा नाय. जितक्या सांगशीत तितक्याच तो करतलो. नीट सांग.”

हरिश्चंद्राने सांगितले. त्या कंपनीने दोनदा तारीख पुढे ढकलली होती. आता कार्तिकात देतो म्हणत होती. ती तारीख चुकू नये, एवढेच मागायचे होते.

“आणि झिलाच्या दुखण्याचा?” मुलाविषयी विचारताना गणपतचा आवाज खाली आला.

“ता दर वर्साक मागतंय. औंदा ह्याच घाल.”

“जपान म्हणजे हद्दीभायर गेला,” मागून एक मानकरी म्हणाला. “थंयच्या देवाक निरोप धाडूक व्हयो.”

“मगे आमच्या देवाक जपानी येवक व्हया.”

“ह्येचो झील शिकयतलो. त्येका येता.”

गणपतने दोघांकडे नुसते पाहिले, नारळ पुन्हा कपाळापाशी नेला आणि डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, आज जो तुझो लेकरू हरिश्चंद्र तुझ्या पायाकडे इलो हा, त्येचा ऐक. समुद्रापलीकडे जपान म्हणान जो मुलुख आसा, थंय जे कोण कारागीर ह्या खेळाचा काम करतत, त्येंच्या हाताक यश दी. त्येंच्या वाटेत जा काय आडवा इला आसात, ता दूर कर. आणि कार्तिकातली तारीख चुकान देव नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मानकरी म्हणाले. गाभाऱ्यातल्या समईची ज्योत हलली नाही. हरिश्चंद्राने ते नीट पाहून ठेवले आणि त्याचा अर्थ लावायचा नाही असे ठरवले.

मासेमारीच्या बंदीचे दिवस होते. मालवणजवळच्या सर्जेकोटच्या धक्क्यावरच्या नौका वर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या, आणि ज्या बर्फाच्या कारखान्यात हरिश्चंद्राचे आयुष्य गेले होते, त्याची घरघर थांबलेली. पाणी गोठवायचे, त्याच्या लाद्या काढायच्या आणि त्या वितळण्याआधी नौकांत चढवायच्या, हे त्याचे काम. मासळीचे नासणे थोडे लांबवणे, याहून त्यात अधिक काही नाही हे त्याला ठाऊक होते, आणि एवढे जमते याचा एक मूक अभिमानही होता. घरात मात्र लांबवण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते.

सुशांत, त्याचा एकुलता मुलगा, चोविशीत होता. स्नायू झिजत जाण्याचा त्याचा आजार लहानपणी पायांपासून निघाला आणि इतक्या संथपणे वर चढला, की घराला त्याची चाल कधी दिसली नाही. फक्त काल असलेली एखादी गोष्ट आज नसे. आता उजवा अंगठा तेवढा त्याचा म्हणावा असा उरला होता. गोव्यातल्या बांबोळीच्या डॉक्टरांनी त्याचीही मुदत मोघमच सांगितली होती: वर्ष, कदाचित त्याहून कमी.

त्या अंगठ्यावर सुशांतचे जग उभे होते. खेळांच्या खाली उमटणाऱ्या अक्षरांवरून आणि मोबाइलवरच्या धड्यांवरून तो जपानी शिकला होता. दर शुक्रवारी त्याची ‘जपानी गेमची खबर’ मोबाइलवरून निघे: कोणता गेम जाहीर झाला, कोणता कधी येणार, कोणाची तारीख पुढे गेली. इचलकरंजीचे यंत्रमागवाले, परभणीचा एक पशुवैद्य, मस्कतमधली एक नर्स असे त्याचे वाचक होते. त्याने स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. अफवेला तारीख म्हणायचे नाही. आणि जो गेम आपण आपल्या हाताने खेळलो नाही, त्याच्याविषयी मत द्यायचे नाही.

शिओमाचीचा पहिला भाग कंट्रोलरवरच्या एकाच स्टिकवर, नुसत्या अंगठ्याने खेळता येई. त्यात लढाई नव्हती. एक माणूस एका बंदरात भरतीची वाट पाहत हिंडतो, लोकांशी बोलतो, आणि पाणी चढले की गलबतात बसून निघून जातो. सुशांतने तो इतक्यांदा खेळला होता, की त्याची आई यशोदासुद्धा स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून सांगे, आता तो मिठाच्या गोदामापाशी आला. दुसऱ्या भागात तो माणूस परत येणार होता.

देवळातली हकिगत सुशांतच्या कानावर हरिश्चंद्र घरी पोचण्याआधीच आली होती.

“बाबा, कंपनी जपानात, देव सर्जेकोटात. तारीख चुकली तर खबरेत काय लिवचा? रवळनाथाचो नाइलाज झालो?”

“लिव तसा.”

“बातमी कोणी दिल्यान म्हणान विचारतले.”

“गणपत गावकाराचा नाव घाल. तो भियाणारो नाय.”

सुशांत हसला आणि हसताहसता त्याला ठसका लागला. “हसवू नकात हो त्येका,” यशोदा आतून म्हणाली. ठसका विरला.

“बाबा.”

“काय रे?”

“बरा केलात. दुसरा काय मागूक नाय, ता बरा केलात.”

नारळी पौर्णिमा झाली, नौका पाण्यात उतरल्या, कारखाना पुन्हा घरघरू लागला. सुशांतला लिहिणे जड जाऊ लागले होते, म्हणून अंगठा गेमसाठी राखून खबर हरिश्चंद्राने टाइप करायची असे ठरले. बर्फाने बधिर झालेल्या एका बोटाने तो मोबाइलवर ओसाका, निगाता, फुकुओका अशी नावे जुळवत बसे. कोणाची तारीख पुढे गेली की त्याचे बोट थांबे. वाक्य पुरे होण्याआधीच तो विचारी, “आपलो नाय ना?”

“आपलो नाय. लिवा तुमी.”

नवरात्रात एका सकाळी सुशांतने त्याला कारखान्यातून बोलावून घेतले. हरिश्चंद्र तसाच ओल्या गमबुटांनी खोलीत शिरला.

“गोल्ड झालो,” सुशांत म्हणाला.

“म्हणजे?”

“गेम पुरो झालो. शेवटची प्रत तयार झाली. आता तारीख हलणा नाय.”

हरिश्चंद्र पलंगाच्या कडेवर बसला. “देवान ऐकला,” तो म्हणाला. यशोदेने त्या दिवशी शिरा केला. एका परदेशी कंपनीने आपले काम संपवल्याबद्दल त्या घरात शिरा झाला, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

मग ताप आला. साधा ताप म्हणून आला आणि छातीत उतरला. बांबोळीच्या इस्पितळात सुशांतच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि हरिश्चंद्र बाहेरच्या बाकावर बसून होता. आत कोणते यंत्र कोणत्या आवाजाने चालते हे त्याला एव्हाना कळू लागले होते, त्यातल्या एकालाही तो हात लावू शकत नव्हता. दिवाळी तिथेच गेली. सुशांत वाचला. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून तसे सांगितले, आणि हरिश्चंद्र त्या हाताखाली वाकला.

घरी आल्यावर दोन दिवसांनी सुशांतने कंट्रोलर मागितला. हरिश्चंद्राने तो त्याच्या मांडीवर ठेवला, अंगठा उचलून स्टिकवर टेकवला आणि चहा आणायला वळला. परत आला तेव्हा अंगठा स्टिकवरून घसरून खाली पडलेला होता. त्याने तो पुन्हा वर ठेवला. सुशांतच्या कपाळावर शीर उभी राहिली, ओठ घट्ट मिटले. स्टिक जागची हलली नाही.

“दमलंस,” हरिश्चंद्र म्हणाला. “ताकद भरान येतली. मगे बघूया.”

“बाबा, ताकद भरान येवची असती तर...” सुशांतने वाक्य तिथेच सोडले. “च्याय देवा.”

हरिश्चंद्राने बशीत चहा ओतला आणि त्याच्या ओठांना लावला.

गेम आला. कार्तिकात, दिलेल्या तारखेला. त्या सकाळी हरिश्चंद्र नारळ घेऊन देवळात गेला, कारण मागितलेले मिळाले होते आणि देवाचे देणे फेडणे भाग होते. गणपतने नारळ देवापुढे ठेवला, पण फोडला नाही.

“देवान शब्द राखल्यान,” तो म्हणाला.

“व्हय. राखल्यान.”

“तुझ्या झिलाचा आयकलंय मी.”

“तू म्हणाललंस ना गणपत, जितक्या सांगशीत तितक्याच.” हरिश्चंद्र देवाकडे पाहत होता. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब बरोबर आल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलत होता. “थंयच्या कारागिरांच्या हाताक यश मागलव. हंयच्या हाताचा सांगूचा ऱ्हवला.”

“आता घालूया गाऱ्हाणा?”

“नको. फोड नारळ.”

दुपारी अतहर डिस्क घेऊन आला. मालवणच्या बाजारात त्याचे मोबाइलचे दुकान होते, आणि सुशांतच्या खबरेचा तो सर्वांत जुना वाचक. प्लास्टिकचे वेष्टण फोडण्याआधी त्याने डब्बी सुशांतच्या नाकाशी धरली. नव्या गेमचा वास आधी घ्यायचा, ही त्या दोघांची जुनी खोड.

“मी खेळतंय,” अतहर म्हणाला. “तू बघ, आणि सांग खंय जावचा ता.”

“तुझे हात सवयीचे. माज्या सांगण्याआधीच तू फुडे जातलंस.”

“मगे कोण खेळतलो? वजीराचाची?” वजीरा ही अतहरची म्हातारी चुलती होती.

“बाबा.”

अतहर हसू लागला, आणि मग हसेनासा झाला. त्याने डिस्क यंत्रात घातली, तारा तपासल्या, यशोदेने दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायला आणि दुकानाचे निमित्त सांगून निघून गेला.

पडद्यावर बंदर उमटले. करड्या पाण्यावर सकाळ होत होती, धक्क्यावर दोरखंडांची वेटोळी होती, आणि गलबतातून उतरलेला तो माणूस पाठमोरा उभा होता. सुशांतच्या तोंडून एक अस्फुट आवाज निघाला. पहिल्या भागातली मिठाची गोदामे पडलेली होती. नुसते चौथरे उरले होते.

“चला बाबा. उजवीकडे. हळू.”

हरिश्चंद्राच्या बोटांच्या टोकांतली जाणीव बर्फाने कधीचीच नेली होती. स्टिक किती ढकलली हे त्याला ढकलून झाल्यावर कळे. माणूस सरळ जाऊन भिंतीवर आपटला, वळला, पुन्हा आपटला.

“तेवडो नको. थोडोच.”

“थोडोच केलंय.”

“त्या बायेकडे न्या. ती जाळा विणता ना, तिच्याकडे.”

माणूस बाईला ओलांडून पुढे गेला. परत आणला तर दुसऱ्या बाजूला गेला. सुशांतला जे पाहायचे होते ते सांगायला वेळ लागे, आणि सांगून होईतो ते मागे पडलेले असे. एक पाटी, एक कुत्रा, पडक्या चौथऱ्यावर कोणी ठेवलेला कंदील, सारे पडद्याच्या कडेने सरकत गेले. हरिश्चंद्राच्या कपाळावर घाम आला होता. सुशांतच्या सूचना हळूहळू विरळ झाल्या. तो आधी ‘डावीकडे, उजवीकडे’ म्हणत होता, मग नुसते ‘हं’ म्हणू लागला.

“चुकता माजा,” हरिश्चंद्र म्हणाला. “परत पयल्यापासून करूया? शिकतंय मी. शुक्रवारपर्यंत येतला माका.”

“सोडा, बाबा.”

“रागावलंस?”

“नाय. नुसती स्टिक सोडा.”

हरिश्चंद्राने अंगठा उचलला. माणूस धक्क्याच्या टोकाशी थांबला. त्याच्या सदऱ्याची टोके वाऱ्यावर हलत होती, खाली पाणी लाकडी खांबांना लागून मागे सरत होते. यशोदा हात पुसत दारात येऊन उभी राहिली. काही वेळ तसाच गेला. मग त्या माणसाने इकडेतिकडे पाहिले, गुडघे वाकवले आणि पाय पाण्याकडे सोडून तो धक्क्यावर बसला.

“ह्या मी करूक नाय,” हरिश्चंद्र घाईने म्हणाला. “माजो हातय लागलो नाय.”

“ठाऊक आसा माका. कोणी काय केला नाय की तो आपणच बसता.”

“उठवू त्येका?”

“नको. रवांदे.”

पडद्यावरचे ऊन पाण्यावरून पुढे सरकले. सुशांत पाहत होता. आपला अंगठा चुकूनही स्टिकला लागू नये म्हणून हरिश्चंद्राने तो वर उचलून धरला, आणि तो दुखू लागला तरी तसाच धरून बसून राहिला.