लाल दोऱ्याचं बूच

कट्.

दुपारची भांडी घासून झालेली असतात. चिमणी नुकतीच झोपलेली असते. तिच्या आईला दिवसभरात जो काय थोडा वेळ स्वतःचा म्हणून मिळतो, तो आत्ता कुठे सुरू झालेला असतो. घर अगदी गप्प असतं, आणि त्यात हा एवढासा आवाज होतो. आई हातातलं फडकं तसंच धरून थांबते आणि हळूच वर बघते. खुंटीकडे. माझ्याकडे.

मित्रांनो, तो आवाज माझा. मी गळाच्या काठीवरचं एक जुनं रीळ आहे. माझ्या पोटात एक दातेरी चाक आहे आणि त्यावर टेकलेली इवलीशी स्प्रिंग. दोरी बाहेर जायला लागली की चाक फिरतं आणि मी वाजतो, म्हणजे गळाला मासा लागल्याचं मालकाला कळतं. मी आपोआप वाजत नाही. कोणीतरी ओढावं लागतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेचा एक तुकडा, पोलादाचा एक तुकडा, लाकडाची छोटी मूठ. दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. मग एके दिवशी गळ्यात मोजपट्टी अडकवलेला एक माणूस आत आला. त्याने मला कानाशी धरून फिरवलं आणि म्हणाला, "याचा आवाज माझ्या मशीनसारखा आहे. हेच द्या."

तो माणूस शिंपी होता. पुढे तो चिमणीचा आजोबा झाला, म्हणून मी त्यांना आजोबाच म्हणतो.

आजोबांच्या हातात आलो आणि माझ्या आयुष्याचं सोनं झालं. गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात एक हिरवट, रुंद जबड्याचा मासा राहतो. पाणगवतात दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की एकदम झडप घालतो. आजोबा त्याला 'बोका' म्हणायचे. दर सुट्टीच्या दिवशी आजोबा, त्यांची छोटी लेक आणि मी, असे तिघं लाकडी होडीतून बोक्याला भेटायला जायचो. बोका बहुतेक वेळा घरी नसायचा. पण आम्ही परत आल्यावर माझी सेवा मात्र चुकायची नाही.

"धो धो नळाखाली धरू नकोस गं त्याला," आजोबा लेकीला सांगायचे. "पाण्याच्या जोराने वाळू आत जाते. ओलं फडकं, मग कोरडं फडकं. आणि तेल?"

"एक थेंब!"

"कशाने?"

"सुईच्या टोकाने!"

"शाब्बास. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. लाड करावेत, पण बेतात."

तेल शिलाई मशीनचंच असायचं. दोरीचे शेवटचे पाच-सहा हात ते बोटांच्या चिमटीतून ओढून बघायचे. कुठे खरखर लागली की तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि गळ नव्याने बांधायचा. गळाचं टोक नखावर टेकवून सरकवायचं. नखात रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानशीने घासा. आमिषांची पेटी ओली असताना कधीही बंद करायची नाही, नाहीतर एका गळाचा गंज सगळ्यांना लागतो. आणि मला खुंटीवर ठेवताना माझा ब्रेक सैल करायचा.

"सारखी मूठ आवळून बसलं की माणूससुद्धा बिघडतो," ते म्हणायचे.

होडीचंही तसंच. पाण्यातून काढली की ओंडक्यांवर चढवून ठेवायची, जमिनीला टेकवायची नाही. आणि मागच्या फळीखाली, अगदी तळाशी जे भोक असतं, त्यातलं बूच काढायचं, म्हणजे आत साठलेलं पाणी निघून जातं. पाण्यात ढकलण्याआधी ते बूच परत ठोकून बसवायचं. बूच विसरणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आजोबांनी एक रीत ठेवली होती. होडी जमिनीवर असेपर्यंत बूच माझ्या मुठीला बांधलेलं असायचं. मेण लावलेल्या लाल दोऱ्याने, कोटाचं बटण लावतात तशा गाठीने. बुचाच्या मानेला वेढे आणि शेवटचं टोक दोऱ्याच्याच पोटातून पलीकडे. तशी गाठ फक्त त्यांनाच यायची. लेक किती वेळा शिकली, तिची सुटायचीच.

"रिळाच्या मुठीला बूच आहे तोवर होडी पाण्यात घालायची नाही," ते सांगायचे. "मूठ मोकळी दिसली की समजायचं, बूच जागेवर बसलं. मग खुशाल निघायचं."

वर्षं गेली. लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, चिमणी झाली. आजोबांचे केस पिकले, पण रीत तीच राहिली.

मग माझी स्प्रिंग तुटली. आजोबांनी मला घड्याळवाल्याकडे दुरुस्तीला दिलं. माझ्या मुठीचं बूच सोडून त्यांनी खिशात टाकलं, आणि त्या सुट्टीच्या दिवशी ते कोणाचं तरी रीळ मागून घेऊन एकटेच तळ्यावर गेले.

मी तिथे नव्हतो, मित्रांनो. म्हणून पुढचं मला जेवढं ऐकायला मिळालं, तेवढंच सांगतो. होडी संध्याकाळी पाणगवतात अडकलेली सापडली. काठापर्यंत पाण्याने भरलेली. वल्ही आत नीट आडवी ठेवलेली. तळाचं भोक उघडं. बूच नाही. आजोबा नाहीत. पाणबुडे आले, जाळी टाकली, पण तळ्याने काही परत दिलं नाही.

"विसरले असतील बूच लावायला," सगळे म्हणाले. "वय झालं होतं."

चिमणीची आई एकच वाक्य बोलायची, "माझे बाबा बूच विसरणार नाहीत." लोक मान हलवायचे आणि तिला चहा घ्यायला सांगायचे.

मी दुरुस्त होऊन घरी आलो आणि खुंटीवर टांगला गेलो. त्याच आठवड्यात, अशाच गप्प दुपारी, मी पहिल्यांदा वाजलो.

कट्.

मला खरंच कळलं नाही. कोणीतरी ओढलं होतं. जोरात नाही. आजोबा दोरी तपासायचे ना चिमटीत धरून, तसं. भिंतीवरून हातभर दोरी खाली उतरली होती आणि तिच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता.

"अगं, ब्रेक सैल आहे त्याचा," चिमणीचे बाबा म्हणाले. "टोकाच्या शिशाच्या वजनाने सरकते दोरी. आणि ती भिंत ओलसरच आहे. तू ना, उगाच..."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीस, पण बघतेस तशी."

आईने दोरी गुंडाळली आणि टोकाचा थेंब बोटाने पुसला. मग, कोणाचं लक्ष नाही असं बघून, ते बोट नाकाशी नेलं. त्या थेंबाला पाणगवताचा वास होता. मला तो वास पाठ आहे.

मग बराच काळ मला कोणी पुसलं नाही की तेल दिलं नाही. आवाज यायचा, दोरी उतरायची, आई ती गुंडाळायची. माझ्या पितळेवर हिरवी पुटं चढली. तिकडे होडी धक्क्याशेजारी पालथी पडली होती. लाकडी होडी फार काळ कोरडी राहिली की तिच्या फळ्या आक्रसतात, मधे फटी पडतात. शेवटी धक्क्याचे राखणदार काका घरी आले.

"पोरी, त्या होडीचं काय करायचं ते सांग. येत्या रविवारी पाण्यात घाल, नाहीतर मी तोडून चुलीला लावतो. जागा अडते माझी."

"तोडू नका काका," आई म्हणाली. "मी घालते पाण्यात."

"अगं, पण तू..." चिमणीचे बाबा म्हणाले.

"मी घालते म्हटलं ना!"

त्या दिवसापासून तिचा प्रत्येक चोरलेला तास होडीचा झाला. चिमणीला कडेवर घेऊन ती धक्क्यावर जायची. जुना रंग खरवडला, फटींमध्ये सुताच्या वाती ठोकून बसवल्या, वर डांबर फिरवलं. तळाच्या भोकात तात्पुरती चिंधी कोंबून होडीत पाणी भरलं आणि फळ्या फुगू दिल्या. वल्ह्यांना तेल पाजलं. चिमणीचे बाबा रबराचं नवीन बूच घेऊन आले आणि आईने ते रीतीप्रमाणे माझ्या मुठीला बांधलं. साध्याच गाठीने. शनिवारी चिमणी पालथ्या होडीखाली शिरली आणि तळाच्या भोकाला डोळा लावून ओरडली, "आई, तू मला गोल दिसतेस!"

आईने बाहेरून त्या भोकात बोट घातलं. चिमणीने ते आतून पकडलं. दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

मित्रांनो, आता नीट ऐका. रविवारी सकाळी आईने मला खुंटीवरून उतरवलं. माझ्यावरची पुटं पुसायची म्हणून मुठीचं बूच सोडलं आणि खिडकीत ठेवलं. ओलं फडकं फिरवलं, कोरडं फडकं फिरवलं, सुईच्या टोकाने एक थेंब तेल दिलं. मी पुन्हा चमकायला लागलो. इतक्यात गॅसवरचं दूध वर आलं, चिमणीने बूट उलटे घातले, बाबांची किल्ली सापडेना. या सगळ्या धावपळीत आईने मला उचललं, काठीवर बसवलं आणि निघाली.

बूच खिडकीतच राहिलं.

धक्क्यावर धुकं होतं. तळं दिसत नव्हतं, फक्त त्याचा ओला श्वास अंगाला लागत होता. राखणदार काकांनी आणि बाबांनी होडी सुलटी करून काठाशी आणली होती. चिमणीचं तरंगायचं जाकीट तिच्या मापापेक्षा मोठं होतं, त्यातून तिचं नुसतं नाक दिसत होतं.

"बूच लावलंस ना गं?" काकांनी विचारलं.

आईने खाली माझ्याकडे पाहिलं. माझी मूठ मोकळी होती. लहानपणापासून तिला हेच शिकवलं होतं, मूठ मोकळी म्हणजे बूच जागेवर.

"हो काका," ती म्हणाली. "लावलं."

मी किती ओरडलो असेन, मित्रांनो! पण माझ्याकडे आवाज एकच आहे, आणि तोही कोणी ओढल्याशिवाय येत नाही. बाबांनी होडी ढकलली. काठ धुक्यात मागे विरघळला.

वस्तूंना बोलता येत नाही, म्हणून त्यांची काळजी घ्या असं सगळेच सांगतात. मी थोडं वेगळं सांगतो. वस्तू पुसा, तेल द्या, खुंटीवर ठेवा, पण निघताना त्यांच्याकडे बघून खात्री झाली असं समजू नका. वाकून हात लावून बघा. प्रत्येक वेळी. माझ्या मुठीवर विसंबू नका. मी नुसतं एक रीळ आहे.

आई वल्हवत होती. चिमणी बोक्याला हाका मारत होती, "ए बोक्या, आम्ही आलोय!" वल्ह्यांचा आवाज सोडला तर तळं अगदी मुकं होतं. मी वाट बघत होतो. आता तिचे पाय भिजतील. आता ती खाली बघेल. काठ कुठे आहे तेही दिसत नव्हतं. आईला पोहता येतं, पण त्या गार पाण्यात, धुक्यात, चिमणीला धरून?

तळ्याच्या मधोमध आल्यावर आईने वल्ही आत घेतली. माझी दोरी अजून पाण्यात टाकलेलीच नव्हती. आमिष पेटीत होतं.

कट्.

आईचा हात थांबला.

कट्. कट्.

"आई, रीळ वाजतंय," चिमणी म्हणाली. "आणि त्याचं बूच कुठे गेलं? खिडकीत ठेवलं होतंस ना तू?"

आईने एका हाताने चिमणीला छातीशी ओढलं आणि दुसऱ्या हाताने मागची फळी उचकटली.

खाली कोरडं होतं. अगदी कोरडं. डांबराचा वास येत होता.

तिने वाकून तळाशी हात घातला आणि तो तिथेच राहिला. भोकात बूच होतं. रबराचं नाही. जुनं, लाकडी, पाण्याने फुगून काळं पडलेलं, आणि इतकं घट्ट बसलेलं की हलेना. त्याच्या मानेला लाल दोरा होता. काल बांधल्यासारखा लाल. वेढे, आणि शेवटचं टोक दोऱ्याच्याच पोटातून पलीकडे.

आईने त्या गाठीवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तिचे ओठ हलले. "विसरले नव्हते," ती इतकं हळू म्हणाली की फक्त मलाच ऐकू आलं.

माझी दोरी काठीवरून हळूहळू खाली उतरत होती. होडीच्या कडेवरून पाण्यात. कोणीतरी ती चिमटीत धरून कुठे खरखर लागते का ते बघत होतं.

चिमणीने जाकिटातून मान बाहेर काढली. आधी बुचाकडे बघितलं, मग दोरी जिथे पाण्यात शिरत होती तिथे.

"आई," तिने विचारलं, "मग हे बूच कोणी लावलं?"