चारीच्या मोरीवरचा थांबा

शंभूनं कंपनीचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा आजीला विचारलं ते फक्त तारखांपुरतं. बाकीचं त्याचं त्यानं रचलं. रांजणगावच्या एका नव्या कारखान्याला कामगारांची ने-आण करायला गाड्या हव्या होत्या आणि तिथल्या साहेबानं कंपनीची सगळी माहिती मागितली होती, फोटोसकट. बिरोबा ट्रॅव्हल्सकडं आता चौदा गाड्या होत्या. इतिहास मात्र कुणी कागदावर आणला नव्हता.

राहू गावातल्या घरी ओट्यावर गिताबाई लसूण सोलत बसली होती आणि शंभू लॅपटॉपवरून वाचून दाखवत होता. त्याच्या आज्यानं, तात्याबानं, मेंढरं विकून जुनी मॅटाडोर घेतली, इथवर सगळं खरं होतं. त्या मॅटाडोरचं दार आतून खांदा आणि बाहेरून लाथ लागल्याशिवाय उघडायचं नाही, एवढं त्यानं गाळलं होतं. बरंच केलं. मग त्यानं आवाज चढवला.

"जांभळवस्तीचा थांबा गावात न ठेवता हमरस्त्यावर, चारीच्या मोरीपाशी ठेवण्यात कैलासवासी तात्याबांची दूरदृष्टी दिसून येते. त्यामुळे डिझेल आणि वेळ दोन्हींची बचत होते."

गिताबाईनं सोललेली पाकळी सालांच्या ढिगात टाकली आणि साल परातीत.

"कसं वाटलं, आज्जी?"

"लिव्हलंस बरं," ती म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.

दूरदृष्टी कसली डोंबलाची! सत्तावीस वर्षांमागं गाडीची पहिली फेरी होती. काचेला झेंडूचा हार, आत ओवाळायचं ताट घेऊन गिताबाई. जांभळवस्तीच्या देवळापुढं गाडी थांबली, आणि तेव्हाचा सरपंच शंकरराव पारावरून म्हणाला, "तात्याबा, मेंढरांची गाडी देवळाम्होरं नगं लावूस. लेंड्या पडत्याल." सगळा पार हसला. तात्याबाही हसला, कारण त्याला गिऱ्हाईक हवं होतं. गिताबाई हसली नाही. "फिरवा गाडी," ती म्हणाली. एक किलोमीटर मागं, कालव्याच्या चारीवरच्या मोरीपाशी, तिनं गाडी उभी करायला लावली. ज्याला यायचं त्यानं इथवर पाय तुडवत यावं. तात्याबानं दोन वर्षं मिनतवाऱ्या केल्या, मग त्यानंही नाद सोडला. पुढं तो वारला. थांबा तिथंच राहिला, आणि आता त्याला दूरदृष्टी येऊन चिकटली होती.

त्याच आठवड्यात गुरुवारी, तिच्या कारखान्याच्या सुट्टीला, जांभळवस्तीची सीमा राहूला शंभूच्या घरी आली. बिरोबाच्या गाडीनं पहिल्या पाळीला पॅकिंगला जाणारी बाई. पाणीसुद्धा न पिता तिनं विषय काढला.

"शंभूदादा, गाडी गावात आणा. मंगळवारी पहाटं मोरीच्या अलीकडं उसातनं बिबट्या निघाला. मधी निस्ती चारी व्हती."

"बॅटरी ठेवत जा ना वहिनी जवळ."

"बॅटरी व्हती म्हणून तर दिसला! आमच्या ह्यांनी सांगितलंय, सोमवारपासनं गाडी गावात आली तर जा, न्हाईतर घरी बस."

शंभूनं मान खाजवली. "माझ्या हातात असतं तर आजच आणली असती. पण तो थांबा आजोबांनी ठरवलेला हाय. त्यांचं ठरलेलं आम्ही मोडत न्हाई. हे बघा, लिहिलंय पण तसं." आणि त्यानं खरंच लॅपटॉप तिच्याकडं फिरवला.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या गिताबाईनं परात बाजूला सारली. "कुणाची गं सून तू?"

"शंकररावांची."

"हाय का म्हातारा?"

"हायेत की. तेच म्हनले, जाऊ नगं तिथं, ती बाई ऐकायची न्हाई. मी म्हनलं, कोण बाई? तर गप बसले."

म्हणजे त्याच्याही ध्यानात होतं. गिताबाईला पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोला. एवढी वर्षं आपल्या एकटीलाच काटा सलतोय असं ती धरून चालली होती. पण त्या मोरीवर म्हातारा कधी आलाच नव्हता. चालत होती ही.

"नोकरी सुटली तर काय करशील?"

"काय करायचं? घरच्याच उसात खुरपं धरायचं. घरात खायला कमी न्हाई, आज्जी. पण तिथं मला माझ्या नावानं हाक मारत्यात. घरी बसले की शंकररावांची सून."

गिताबाई नातवाकडं वळली.

"ते खोड. दूरदृष्टी न्हाई ती तुझ्या आज्याची. माझी अढी हाय."

आणि पाच वाक्यांत तिनं सगळं सांगून टाकलं. सीमा खाली मान घालून ऐकत होती. शंभूनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"अगं आज्जी, मी पाठवलंय ते साहेबाला!"

"मग दुसरं पाठव. आन् उद्या दुपारच्या गाडीत मला जागा ठेव."

दुसऱ्या पाळीच्या गाडीवर भिमाजी ड्रायव्हर होता. सवयीनं त्यानं मोरीपाशी ब्रेक मारला.

"आत घे," गिताबाई म्हणाली.

"आत? गावात?"

"न्हाई, चारीत. घे गाडी!"

देवळाला आता फरशी झाली होती आणि पुढं मोटारसायकली लावलेल्या होत्या. पारावरून शंकरराव काठी टेकत उठला. गिताबाई दारात उभी राहिली, खाली उतरली नाही.

"या, गिताबाई. चहा सांगतो."

"चहाला न्हाई आले. गाडी वळायला जागा लागंल."

"तवा मी जे बोललो व्हतो..."

"काय बोललासा ते मला पाठ हाय. परत नका म्हणून दावू. जागा दाखवा."

शंकररावानं पोरांना ओरडून मोटारसायकली काढायला लावल्या. एकीचा मालक शेतात गेला होता, ती त्यानं काठी काखेत मारून स्वतः ओढली. मग गाडीमागं जाऊन हात हलवायला लागला, "येऊ द्या... येऊ द्या... बास!" भिमाजीला तीनदा मागंपुढं करावं लागलं.

"मागं सरा, शंकरराव," गिताबाई खिडकीतून म्हणाली. "चाकात जाल, आन् आमचं नाव व्हईल."

जाऊन-येऊन, वळून, अकरा मिनिटं जास्त लागली. म्हणजे सोमवारपासून पहिल्या पाळीची गाडी राहूहून अकरा मिनिटं आधी सुटणार, आणि जांभळवस्तीच्या आधीच्या, पारगावपर्यंतच्या थांब्यांवरच्या सगळ्यांची तेवढी झोप मोडणार. निरोप गेला तसे रविवारी शंभूचे फोन सुरू झाले. एका गावासाठी बाकीच्यांनी का उठायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं, आजोबांच्या वेळेला असं नव्हतं. चौथ्या फोनला गिताबाईनं त्याच्या हातातून मोबाइल घेतला.

"माझ्या डोक्यातनं निघालं," ती म्हणाली. "मी गिताबाई बोलतीया. तू कोण, आन् कुठल्या थांब्यावरचा, ते सांग आधी."