दहावी वीत

"बोला मास्तर, आज देव किती विती?"

तीन नंबरच्या पलंगावरच्या टेलरमास्तरांनी उशीपासून पायाकडे हात पसरत नेला. अंगठा, करंगळी. अंगठा, करंगळी. "चार."

मी कागदावर चार लिहिलं.

मी या वॉर्डाचा मामा. चादरी, बेडपॅन आणि फुकटचे विनोद हे माझं खातं. पेशंट सगळे मनाने खचलेले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी अभ्यास काढला होता, अशा माणसांना देव रोज किती जवळचा वाटतो त्याचा. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे अगदी जवळ. छापील प्रश्न रोज सकाळी मी विचारायचा.

"जसाच्या तसा वाचा हं, मामा. तुमचा मसाला नको," मॅडमनी बजावलं होतं.

आता मी, आणि जसंच्या तसं! पहिल्या दिवशी वाचलं, तर मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हटलं, याला याच्याच भाषेत विचारू. वॉर्डात मापाची टेप ठेवायला बंदी, म्हणून विती. मास्तर चक्क उठून बसले की! मला कोण आनंद.

चाराचे सहा झाले, सहाचे आठ. मॅडम आलेख बघून हरखल्या. "मामा, काय जादू केलीत?"

"हाताला गुण आहे, मॅडम."

एका सकाळी आठ वितींत पलंग संपला. नववी मास्तरांनी हवेत मांडली. दहावीसाठी इतके पुढे वाकले की मी खांदा धरला.

"अहो मास्तर, कापड संपलं की!"

सगळा वॉर्ड हसला. मास्तरही हसल्यासारखे दिसले. "हो ना मामा. पुरतच नाही."

मी ठसक्यात दहा लिहिलं आणि टाळीला हात पुढे केला. त्यांनी दिली. हात गार होता.

बाकीचे कागद बरे होतेच, त्या दहाने सुट्टीवर शिक्का बसला. दुपारी मास्तर घरी गेले.

आठवड्याने त्यांची बायको आली. हातात वॉर्डाचा सदरा, इस्त्री केलेला. "चुकून पिशवीत आला होता. बटण तुटलेलं, ते यांनी लावून ठेवलंय."

"मास्तर काय म्हणतायत, वहिनी?"

"गेले. परवा." तिने सदऱ्यावरून हात फिरवला. "स्वतःच."

मी तिच्या हातातून सदरा घेतला.

"मला म्हणायचे, देव रोज वीतभर लांब सरकतोय. मी म्हटलं, अहो, मग तिथे दवाखान्यात सांगितलं का नाही? तर म्हणाले, सांगितलं ना. मामा रोज विचारायचे, मी मोजून सांगायचो. ते लिहून घ्यायचे."

मी मॅडमकडे गेलो. विती, कापड, टाळी, काही न गाळता सांगितलं. त्या आलेखावरच्या चढत्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांनी मला काहीतरी बोलावं, असं वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी तीन नंबरची चादर बदलताना मी उशीपासून वीत मांडली. माझा पंजा मोठा, पलंग सातातच संपला. आठवी हवेत. नववी. मी वाकलो. दहावीला हात कुठे टेकवायचा ते कळेना.

"काय मामा," शेजारच्या पलंगावरून कोणीतरी खुशीत ओरडलं, "कापड संपलं का?"

"हो," मी म्हटलं. "पुरलं नाही."