टेलिफोनच्या तारेतली खरखर

बाबांचा संदेश ऐकायचा तर घाई चालत नाही. त्यांनी घरी जुळवलेला ट्रान्समीटर इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणि इतक्या मिणमिणत्या ताकदीनं बोलायचा, की मोर्स लिपीतलं एक टिंब सहा सेकंदांचं आणि एक रेघ अठरा सेकंदांची. दुपारी तीनला, तान्ही पोर झोपली की, त्यांची लेक पाळणा टेबलाशी ओढून रेडिओ लावायची आणि त्याला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर टिंबं-रेघा उमटायची वाट बघायची. दिवसाचं एकच अक्षर. ते कुठलं, हे बाबा आधी सांगत नसत. चारशे किलोमीटरवर तिच्याकडे ते पोचलं, की त्यांच्या पंधरा वर्षांच्या खटाटोपाचं चीज.

पण तीन महिने पडद्यावर नुसता चिखल. कानात तळणीसारखी खरखर.

घरातलंच काही असेल म्हणून तिनं पहिल्याच आठवड्यात रेडिओ बॅटरीवर लावून मेन स्विच पाडला होता. नवरा टॉर्च धरून शेजारी उभा. खरखर तशीच.

"बघ, आपल्या घरात काही नाही," तो म्हणाला. "टेलिफोनच्या तारेतच घोळ आहे. मी तक्रार टाकतो."

मग ती चौकटीचा अँटेना घेऊन गल्लीत उतरली. चौकट फिरवता फिरवता एका दिशेला खरखर एकदम दबली, म्हणजे उगम त्याच दिशेला. समोर शेजारच्या काकूंचं घर. अशी चौकट नुसती रेघ दाखवते, रेघेचं कुठलं टोक ते सांगत नाही, हे तिनं हौशी रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेत लिहिलं होतं. पण पाठीशी आपलंच घर आहे, हे रागाच्या भरात कुणाला सुचतं? ती काकूंना नाही नाही ते बोलून आली. तेव्हापासून काकू तिच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालत.

इकडे बाबांनी हाय खाल्ली. "माझंच यंत्र फुसकं, पोरी. रविवारी अँटेनाची तार उतरवतो. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

शनिवारी दुपारी टेलिफोनचा लाइनमन आला, तोही काकूंनी बोलावलेला. त्याच्यामागून काकू, कमरेवर हात ठेवून.

"माझी तार धुतल्या तांदळासारखी आहे म्हणतोय हा. आता तुझी दाखव!"

लाइनमन न विचारता नवऱ्याच्या कामाच्या खोलीत गेला आणि माळ्यावरची सुटकेस बाजूला केली. मागे इंटरनेटचा डबा, त्याला बॅटरी जोडलेली. मेन पडला तरी हा चालूच.

"हा कधी बसवला?" तिनं विचारलं.

"मीच बसवला की, वहिनी. तुम्ही बाळाला लस टोचायला नेलं होतं. साहेबांना बजावलं होतं, भिंतीतली टेलिफोनची तार जुनी आहे, बदलून घ्या, नाहीतर रेडिओवर खरखर येईल. साहेब हसले. म्हणाले, येऊ दे, तेवढीच बायको पोरीकडे बघेल."

पोरीकडे बघेल! तासाभरात आठ वेळा उठून पोरीच्या नाकाशी बोट धरणारी ती.

"आणि तक्रारी? तीन महिने..."

"या नंबरवरून? एकही नाही."

लबाडी एका दिवसाची असती तर गोष्ट वेगळी. हा माणूस अंधारात टॉर्च धरून उभा होता, तिला विजेची बटणं दाखवत.

तिनं डब्याची वायर उपटली आणि टेबलाकडे धावली. तीन वाजून चार मिनिटं. पडदा निवळला, आणि त्यावर सावकाश, मुंगीच्या पावलांनी उमटलं: रेघ, टिंब, रेघ.

तिनं मोबाइल लावला. "बाबा, आजचं अक्षर 'के'."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता."

बाबा हसले की रडले, कळेना. "भंगारवाला गेला खड्ड्यात! अगं, जावईबापूंना दे फोन. तीन महिने बिचारे टेलिफोनवाल्यांच्या मागे लागले होते. आभार तर मानू दे."

नवरा बाहेरून येऊन दारातच थबकला होता. लाइनमनच्या हातातला डबा त्यानं पाहिला होता.

तिनं मोबाइल पुढे केला. "घे. बाबा आभार मानतायत."

काकूंकडे चोरून बघत तो बायकोला पुटपुटला, "तूच सांग ना काहीतरी."

"तीन महिने तू सांगितलेलंच सांगत होते मी."

तिनं स्पीकर चालू केला आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.

"हॅलो? जावईबापू? आहात ना?"