पॅडलखालची हवा

दुसऱ्यांची लेकरे ज्याच्या हाती विश्वासाने सोपवली जातात, त्याला ‘ठीक असेल’ एवढ्यावर निघण्याचा अधिकार नसतो. म्हणून सासूबाईंनी ब्रेकवर पुन्हा एकदा पाय ठेवला, सावकाश दाबला आणि ओठ मिटून मान हलवली.

“आई, आता?” गाडीच्या मागून सुनेने विचारले.

“भिजलेल्या उशीवर पाय दिल्यासारखं लागतंय. असा ब्रेक घेऊन मी शाळेच्या उतारावर जायची नाही.”

“सकाळी मुलं वाट बघतील.”

“बघू देत. जाऊन सांगीन, आज पायी चला.”

शाळेची ही गाडी कित्येक वर्षे सासूबाईच चालवीत. सख्ख्या मुलालाही त्यांनी कधी चाक धरू दिले नव्हते. सून मात्र वडिलांच्या गॅरेजात वाढलेली. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक-ड्रम उघडून तिने आत घासणारे नवे लायनर आणि त्यांना ढकलणारे नवे सिलिंडर बसवले होते. चाक हाताने फिरवले की लायनर हलकेच घासत होता, म्हणजे सेटिंग बरोबर होते. उरली ती ब्रेकतेलाच्या नळीत अडकलेली हवा; ती निघाल्याशिवाय ब्रेक घट्ट लागणार नव्हता.

“दाबा. धरून ठेवा. सोडा.”

“हुकूम सोडायला बरं वाटतंय ना गं?”

“रोज कुठे संधी मिळते, आई?”

सासूबाई हसल्या, पण पाय मऊच खाली गेला. पारदर्शक नळीतून बाटलीत उतरणारे तेल निर्मळ होते. बुडबुडा म्हणून नव्हता.

सुनेने चाकामागे हात घातला. तिची बोटे चाचपत गेली आणि एका जागी थबकली.

“आई, जरा खाली येता?”

गुडघ्यावर हात टेकत सासूबाई वाकल्या. सुनेने बॅटरीचा प्रकाश धरला.

“हवा काढायचं निपल हे. ते वर असायला हवं, इथे खाली आलंय. हवा वर चढून बसलीय, आणि आपण तिला तळातून बाहेर बोलावतोय.”

“असं झालं कसं?”

“सिलिंडरांची अदलाबदल झाली. डावा डाव्या फळीवर ठेवला, उजवा उजव्या. समोर जे चाक आलं, त्याला जवळच्या फळीवरचा लावला. बाबांकडे गाडी नेहमी तोंड आत करून लागायची.”

सासूबाईंनी वळून पाहिले. गाडीचे तोंड दाराकडे होते, म्हणून तिची डावी बाजू उजव्या फळीकडे आली होती. सकाळी थेट निघता यावे म्हणून त्यांनीच ती मागे घेत शेडमध्ये लावली होती.

“म्हणजे उलटी लावली मी, आणि फसलीस तू.”

“मी बघायला हवं होतं.”

“दोघींनी.”

सिलिंडर आपापल्या जागी गेले. सून पुन्हा चाकाशी बसणार, तोच सासूबाईंनी तिच्या हातून पाना घेतला.

“कसं सोडायचं ते सांग. पॅडलपाशी तू बस. मला बघायचंय.”

त्यांनी निपल किंचित सैल केले. नळीतून आधी तेल आले. मग एक मणी आला, मग मण्यांची माळच लागली. तेलाच्या सोनेरी पोटातून वर जाऊन एकेक मणी नाहीसा होत गेला. सासूबाई श्वास रोखून पाहत राहिल्या. ज्या हवेच्या आधाराने प्राणिमात्र जगते, तिचाच एवढासा अंश अंगठ्याएवढ्या पोकळीत दडून भरल्या गाडीला अनावर करू शकत होता. तिला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. आजवर ज्यावर आपण निःशंकपणे पाय ठेवला, ते किती अगाध होते, या जाणिवेने त्यांचे हात आपोआप जुळले. दोन्ही तळवे तेलाने माखले होते.

दुसऱ्या चाकाचीही हवा निघाली. तेल पुरेसे भरून झाले.

“आई, लागला!” सुनेचा आवाज बदलला होता. “दगडासारखा. या, तुम्ही बघा.”

सासूबाई पुढे गेल्या नाहीत. त्यांनी मागचे दार उघडले आणि सर्वांत लहान मुले बसतात त्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन त्या बसल्या.

“चल, उताराकडे घे.”

“चालवू? मी?”

“हळू घे. समोर बघ.”

उतार रिकामा होता. मध्यावर सासूबाई म्हणाल्या, “थांबव.”

गाडी उभी राहिली. खाली शाळेचे फाटक बंद होते. सून आरशातून त्यांच्याकडे पाहत होती. सासूबाईंनी डोळे मिटले. उद्या या बाकावर बसणाऱ्यांसाठी आणि पुढे बसलेल्या त्या एकीसाठी त्या मनातल्या मनात म्हणाल्या : सुखरूप जा, सुखरूप या.